राजीनाम्याआधीची कामं

प्रिय पोरी,

तुझ्या लांबलचक मेसेजमधल्या एका वाक्याशी मी अडले. "मॅडम, नोकरी सोडायला पाहिजे हे कळतंय, पण माझ्यातच धमक नाही." बाकी तू जे लिहिलंयस ते सगळं मला पटलं. एवढंच पटलं नाही, आणि नेमकं तेच तू घट्ट धरून बसलीयस.

धमक नसलेली मुलगी फौंड्रीच्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याच्या, शॉप फ्लोअरवर चार वर्षं टिकत नाही. डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असताना, वीस-वीस वर्षं मोल्डिंगवर घालवलेल्या मिस्त्रींना "हा लॉट जाणार नाही" असं तोंडावर सांगायला काय लागतं ते मला माहीत आहे. पॉलिटेक्निकमध्ये शिकवताना कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखान्यांत गेलेली किती तरी पोरं मी बघितली. क्वालिटीचं टेबल सांभाळणाऱ्यांवर दोन्हीकडून दाब असतो. माल अडवला तर प्रॉडक्शनवाले चिडतात, सोडला तर गिऱ्हाईक.

मला तुझं असं दिसतं: बदल करायला जी ताकद लागते, तीच ही नोकरी रोज संध्याकाळपर्यंत संपवते. रिझ्युमे लिहिणं, जुन्या ओळखीच्या माणसाला फोन करणं, घरी विषय काढणं, ही कामं तू रात्री साडेनऊला, डोकं बधिर झाल्यावर करायला बघतेस. ती होत नाहीत. मग स्वतःला दोष देत झोपतेस आणि सकाळी साडेसातला पुन्हा कंपनीच्या बसमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटचं वर्णन करताना तीन खुणा सांगितल्या. अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटू लागणं. त्यांनी याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागचा ताण फार दिवस नीट हाताळला गेला नाही की ही अवस्था येते, असं म्हटलंय. तिसरी खूण परत वाच. तू जिला धमक नसणं म्हणतेस ती हीच.

म्हणून नोकरी सोडायची की नाही हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेव. खरंच ठेव. आधी थोडी ताकद परत मिळवायची, मग पैशाचा हिशेब, मग माणसांशी बोलणं. राजीनामा या सगळ्यानंतर येतो. कास्टिंग लाल असताना घाईनं साच्यातून बाहेर काढलं की आत ताण राहतो, ते वाकतं, कधी तडकतं, हे तुला मी सांगायला नको. रात्री अकराला रडत टाईप केलेला राजीनामा तसाच असतो.

पहिलं काम सोपं आहे. एक वही घे आणि दोन आठवडे तास लिही. गेटच्या आत किती वाजता गेलीस, बाहेर किती वाजता आलीस, घरी आल्यावर कामाचे फोन किती वेळ चालले. तुझी जनरल शिफ्ट नावापुरती आहे हे मला माहीत आहे, पण तुला स्वतःला आकडा माहीत नाही. रोज अकरा तास धरले तरी सहा दिवसांचे 66 होतात, आणि त्यात रात्री पुण्याच्या गिऱ्हाइकानं ग्रुपवर रिजेक्शनचे फोटो टाकले की लागणारा वेळ नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 साली एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त आढळला. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. "सगळेच करतात की एवढं" हे वाक्य तुझ्या तोंडून यायचं थांबावं म्हणून लिहितेय. कारखान्यातल्या कामगारासाठी कायद्यानं आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे आणि जादा कामाला दुप्पट मजुरी आहे. इंजिनिअर, सुपरवायझर असं पदनाम लागलं की ते संरक्षण बहुतेक वेळा हातातून निसटतं. कार्डावर इंजिनिअर छापलं जातं तेव्हा आपल्याला त्याचा फक्त अभिमान वाटतो.

छातीत धडधडतं, जेवण पचत नाही, पाळी पुढे-मागे होते, असं तू एका ओळीत लिहून पुढं गेलीस. तिथंच थांबायला हवं होतंस. या आठवड्यात डॉक्टरकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-पी बघून घे. प्रत्येक गोष्ट मनाची नसते, आणि रक्त कमी असेल तर कितीही निश्चय केला तरी अंग उठत नाही. मनाबद्दल बोलायचं असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी फोन नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. जगणंच नको असं कधी एका रात्रीपुरतं जरी वाटलं, तर तेव्हा वही, हिशेब, महिनाभर थांबणं, यातलं काही पाळायचं नाही. त्याच क्षणी तो नंबर लावायचा आणि मलाही उठवायचं. तसंच, तिथं कुणी अंगचटीला येत असेल, घाणेरडं बोलत असेल, तर तेही थांबण्यातलं नाही. 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. ती नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तू तसं काही लिहिलं नाहीस, पण मुली पहिल्या पत्रात हे लिहीत नाहीत, म्हणून विचारून ठेवते.

आता कामाबद्दल. पहिल्या वर्षी तू मला मोठ्या हौसेनं सांगितलं होतंस, कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूची भोकं, येत होते, सगळे वितळलेल्या धातूला दोष देत होते आणि तू वाळूतला ओलावा आणि कोअरचे व्हेंट (वायू बाहेर जायच्या वाटा) तपासून कारण शोधलंस. ती मुलगी हे क्षेत्र सोडायला निघालीय असं मला वाटत नाही. तुझा जीव नकोसा झालाय तो रात्रीच्या फोनांनी, चार माणसांचं काम दोघांवर टाकल्यानं, आणि प्रत्येक मीटिंगमध्ये चूक कुणाची हे आधी शोधणाऱ्या साहेबांमुळं. मागच्या महिन्यात कामात वेळ कसा गेला कळलं नाही असं कधी झालं, ते आठव आणि त्याच वहीत लिही. असं एकही आठवलं नाही तर क्षेत्र बदलण्याचा विचार करू. आठवलं, तर फक्त जागा बदलायची आहे, आणि ते पुष्कळ सोपं आहे.

मेसेजच्या शेवटी तू लिहिलंस, "नाहीतर सरळ एमपीएससी करते." माझं मत स्पष्ट सांगते. प्रशासनात जायची तुला मनापासून ओढ असती तर ती चार वर्षांत कधी तरी बोलण्यात आली असती. नोकरीपासून पळायला म्हणून ती परीक्षा निवडू नकोस. तिथं तीन वर्षं गेली आणि हाती काही लागलं नाही, तर आजच्यापेक्षा जास्त अडकशील, आणि तेव्हा पगारही नसेल.

पैशाचं बोलूया, कारण भीती तिथं आहे. घराच्या कर्जाचा हप्ता, किराणा, धाकट्याची फी, आईची औषधं, पेट्रोल, हे एका कागदावर मांड. दरमहा खर्च किती आणि त्यातला तुझ्या पगारातून किती, हे कळलं की किती महिने पगाराविना निघतील तेही कळतं. कर्ज असताना मी तुला दुसरी नोकरी हातात नसताना ही सोड असं सांगणार नाही. पण खात्यात चार-पाच महिन्यांचा खर्च शिल्लक असला, तर इंटरव्ह्यूत आणि साहेबांसमोर तुझा आवाज वेगळा लागेल.

पीएफ मोडू नकोस. यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, तोच राहतो, नव्या कंपनीत ट्रान्सफर करून घे. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलास तर त्यावर करही लागतो. ग्रॅच्युइटीचं, म्हणजे पाच वर्षं झाल्यावर नोकरी सोडताना मिळणाऱ्या पैशाचं, तू विचारलंस, "पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडंच राहिलंय, थांबू का?" हिशेब सांगते. शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता, त्याला 15 नं गुणून 26 नं भागायचं, गुणिले वर्षं. बेसिक 15,000 धरलं तर पाच वर्षांचे सुमारे 43,000 रुपये होतात. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न असेल तर जरूर थांब, हक्काचे पैसे कशाला सोडायचे? पण तुझं तर जवळपास वर्ष बाकी आहे. नव्या ठिकाणी पगार महिन्याला चार हजारांनी वाढला तर तेवढे पैसे त्याच वर्षात येतात. तब्येतीचा खर्च मी धरलेलाच नाही.

आणि आता ती गोष्ट, जी तू लिहिली नाहीस पण मला दिसते. ही नोकरी तुझ्या आप्पांच्या मित्रानं शब्द टाकून लावलीय. आपल्याकडं निम्म्या नोकऱ्या अशाच लागतात, आणि माणूस कंपनीपेक्षा त्या शब्दात जास्त अडकतो. "काकांना काय वाटेल" ही भीड पगाराहून जड असते. त्यावर मला एकच रस्ता माहीत आहे. काही ठरवायच्या आधी त्यांच्या घरी जा, एकटी जा, आणि सांग की काका, तुमच्यामुळं मी हे काम शिकले, आता मला पुढं जायचंय. कुणाच्या तरी लग्नात त्यांना तिसऱ्याकडून कळलं तर त्यांचा अपमान होईल. समोर बसून सांगितलंस तर बहुधा तेच दुसरीकडं शब्द टाकतील.

आप्पांशी बोलताना रात्री दमून आल्यावर विषय काढू नकोस. सुट्टीच्या दिवशी सकाळी, तासांची वही आणि खर्चाचा कागद समोर ठेवून बोल. "चांगली चिकटलेली नोकरी" असं ते म्हणतील. त्यांच्या पिढीनं शाहू मिल बंद पडताना बघितलीय. 1906 मध्ये शाहू महाराजांनी सुरू केलेली मिल, जिच्या भोंग्यावर गावातली घड्याळं लागायची, ती 2003 मध्ये बंद झाली. ज्यांनी तिथल्या कामगारांची घरं बसलेली बघितली त्यांना नोकरी सुटण्याची धास्ती वाटणारच. ती धास्ती समजून घे, त्यांच्याशी वाद घालू नकोस. पण हेही सांग की मिलमधल्या माणसांना कायमची नोकरी वाचवू शकली नाही. ज्यांच्या हातात दुसरीकडं चालणारं कसब होतं, त्यांना निदान दार ठोठावता आलं. तुझ्या हातात ते आहे.

साहेबांकडंही एकदा बोलायला हवं, सोडायचं पक्कं असलं तरी. तक्रारींची यादी नेऊ नकोस, एकच गोष्ट माग. माझा सल्ला, रात्रीचे फोन आळीपाळीनं घेण्याची माग. "आठवड्यातले तीन दिवस माझे, तीन दिवस दुसऱ्याचे, आणि तातडीचं काय ते ठरवून घेऊ." बोलून झाल्यावर तेच दोन ओळींच्या ईमेलवर पाठव. मान्य झालं तर तुला आठवड्याच्या तीन संध्याकाळी मिळाल्या. नाही झालं तरी तुला उत्तर मिळालं.

त्या संध्याकाळी नोकरी शोधायला वापर, पण रोज नको. आठवड्यातून एकदा, दोन तास, पुरे. जाहिरातींवर अर्ज टाकत बसण्यापेक्षा माणसांना भेट. इंडियन फौंड्रीमेनच्या संस्थेची कोल्हापूर शाखा आहे, त्यांच्या व्याख्यानांना जा, चहाच्या वेळेत ओळखी होतात. गोशिमा आणि स्मॅक या गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या कारखानदारांच्या संघटनांमध्येही कुठं माणूस हवाय हे आधी कळतं. एनडीटीची, म्हणजे माल न तोडता आतले दोष तपासण्याची, लेव्हल टू करायचं तुझ्या मनात आहे, ते कर. ते कागलात चालतं, चाकणलाही चालतं. इंटरव्ह्यूला तीन गोष्टी तू विचारायच्या: क्वालिटीत माणसं किती, रात्रीचा फोन कोण उचलतं, आणि याआधीचा माणूस का गेला. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर पगार कितीही असो, सावध हो.

निघताना नोटीस पिरियड पूर्ण कर. पगाराच्या स्लिपा, अपॉइंटमेंट लेटर यांच्या प्रती आत्तापासून घरी ठेव, रिलिव्हिंग आणि अनुभवाचं पत्र हातात घेऊनच बाहेर पड. कंपनीचं ड्रॉइंग, रिपोर्ट, काही पेन ड्राइव्हवर आणू नकोस. एवढी मोठी ही इंडस्ट्री नाही, सगळे सगळ्यांना ओळखतात.

कागलमधल्या माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांशी मी बोलून ठेवते. त्यांचे नंबर आज देत नाही. आधी डॉक्टरकडे जाऊन ये आणि रिपोर्ट मला पाठव. दोन आठवडे झाले की वही, खर्चाचा कागद आणि शेवटची पगाराची स्लिप घेऊन घरी ये, बेसिक नेमकं किती आहे ते बघून ग्रॅच्युइटीचा आकडा नीट काढू. रविवारी येणार असलीस तर अकरानंतर ये, सकाळी मी मंडईत असते.

तुझी,
मॅडम