नेत्रसल्ला : मॅक्युलर होलची शस्त्रक्रिया आणि घरची तयारी

प्रश्न : माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. पोथी वाचताना ओळीच्या मधलीच अक्षरे दिसेनाशी होतात आणि खिडकीचे गज वाकलेले दिसतात, असे त्या तीन महिन्यांपासून सांगत होत्या. ओसीटी तपासणीत (डोळ्याच्या पडद्याच्या थरांचे चित्र काढणारी तपासणी) उजव्या डोळ्यात मॅक्युलर होल, म्हणजे पडद्याच्या मध्यभागी छिद्र, असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया लवकर करावी आणि त्यानंतर पाच दिवस चेहरा खाली ठेवून राहावे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब आहे, गुडघेही दुखतात. शिवाय सहा आठवड्यांनी साताऱ्याला घरचे लग्न आहे. शस्त्रक्रिया लग्नानंतर केली तर चालेल का? आम्ही कोणती तयारी करावी?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : लग्नासाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये, हे आधी सांगतो. हे छिद्र जितके लहान आणि जितके ताजे, तितकी ते बुजण्याची आणि नजर सुधारण्याची शक्यता अधिक असते. तीन महिने तक्रारीतच गेले आहेत, आता आणखी दोन महिने घालवू नका.

डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू (मॅक्युला) असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही त्याचीच कामे. वयानुसार डोळ्याच्या पोकळीतील जेलीसारखा पारदर्शक पदार्थ आक्रसतो आणि पडद्यापासून सुटतो. बहुतेकांचा तो विनात्रास सुटतो, परंतु काहींच्या पीतबिंदूला तो चिकटून राहतो, तेथे ओढ बसते आणि मध्यावर छिद्र पडते. साठीनंतर, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, हे अधिक आढळते. फार वाचन केल्यामुळे किंवा टीव्ही पाहिल्यामुळे हे झालेले नाही, हे सासूबाईंना आवर्जून सांगा, कारण या वयाच्या पुष्कळ स्त्रिया दुखण्याचा दोष स्वतःकडेच घेतात.

१९९१ पूर्वी या छिद्रावर उपाय नाही, असेच मानले जात होते. त्या वर्षी अमेरिकेतील केली आणि वेंडेल या डॉक्टरांनी ५२ डोळ्यांवरील शस्त्रक्रियांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ५८ टक्के डोळ्यांतील छिद्र बुजले होते. आज लहान आणि ताज्या छिद्रांच्या बाबतीत हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. शस्त्रक्रियेत अगदी सूक्ष्म वाटांनी आत जाऊन तो जेलीसारखा पदार्थ काढतात, छिद्राभोवतीचा अतिशय पातळ पापुद्रा रंगद्रव्याच्या मदतीने सोलतात आणि पोकळीत वायू भरतात. हा बुडबुडा नेहमी वर तरंगतो. चेहरा जमिनीकडे असला म्हणजे डोळ्याचा मागचा भाग वर येतो, बुडबुडा नेमका छिद्राला टेकतो आणि त्याच्या आधाराने छिद्राच्या कडा जुळून येतात.

आता लग्नाविषयी. ठाणे समुद्रसपाटीलगत आहे. साताऱ्याला जाताना खंडाळ्याचा घाट चढावा लागतो आणि तेथे सुमारे ६०० मीटर उंची गाठली जाते, पुढे खंबाटकी घाटही आहे. वर जाताना हवेचा दाब कमी होतो, डोळ्यातील वायू प्रसरण पावतो आणि डोळ्यातील दाब वाढून असलेली नजरही गमावण्याचा धोका उद्भवतो. रेल्वेने गेल्यानेही हा धोका टळत नाही, कारण तीही घाट चढूनच जाते. विमानप्रवास तर वायू पूर्णपणे जाईपर्यंत वर्ज्यच आहे. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू साधारण दोन ते तीन आठवड्यांत विरतो, तर परफ्लुरोप्रोपेनला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून सर्जनना लग्नाची तारीख शस्त्रक्रियेपूर्वीच सांगा. छिद्राच्या आकारानुसार पहिला वायू वापरणे त्यांना योग्य वाटले, तर सासूबाई बहुधा लग्नाला जाऊ शकतील. दुसरा वायू आवश्यक ठरला, तर डोळ्यासाठी लग्न सोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तयारीत औषधांची यादी सर्वांत महत्त्वाची आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती स्वतःहून बंद करू नका. त्या दिवशी मधुमेहाची कोणती औषधे घ्यायची आणि किती वेळ उपाशी राहायचे, हे लिहून घ्या. शस्त्रक्रिया बहुधा डोळ्यापुरती भूल देऊन होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. डोक्यावरून अंघोळ आदल्या दिवशीच करावी, कारण त्यानंतर काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नसते.

खरी कसोटी घरी आल्यावर लागते. सासूबाईंना जमिनीवर बसता येत नसेल, तर जेवणाच्या टेबलावर दोन उशा मध्ये फट ठेवून मांडा आणि कपाळ त्यांवर टेकवून, खुर्चीत बसून राहण्याचा सराव दोन दिवस आधीच करून घ्या. केवळ मान वाकवून भागत नाही, चेहरा जमिनीला समांतर असावा लागतो. पाणी आणि चहा नळीने द्यावा. दर तासाला डॉक्टर सांगतील तेवढी थोडी विश्रांती घेऊन, मान खालीच ठेवून घरातल्या घरात चालावे, म्हणजे पाठ आखडत नाही आणि पायांत रक्त साकळण्याचा धोकाही कमी होतो. मांडीवर ताट घेऊन शेंगा सोलणे, दुसऱ्या डोळ्याने पोथी वाचणे, नातवंडांना जमिनीवर बसवून गप्पा मारणे, हे सारे करता येते. या दिवसांत त्यांना एकटे ठेवू नका, कारण शरीरापेक्षा मनच आधी कंटाळते. वायू असेपर्यंत उताणे झोपू नये.

सुरुवातीला त्या डोळ्याला हात हलल्यापलीकडे फारसे दिसणार नाही, त्याने घाबरू नये. पुढे बुडबुड्याची कड पाण्याच्या पातळीसारखी डुचमळताना दिसेल आणि हळूहळू खाली सरकेल. तीव्र वेदना, मळमळ किंवा उलटी, वाढता लालसरपणा, चमकणारे प्रकाश किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, मग रात्र असली तरी. डोळ्यात वायू आहे, हे दंतवैद्यांसह प्रत्येक डॉक्टरला सांगावे, कारण भुलीसाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड अशा वेळी घातक ठरतो.

प्रश्न : माझ्या डाव्या डोळ्याची हीच शस्त्रक्रिया तीन महिन्यांपूर्वी झाली. छिद्र बुजल्याचे डॉक्टर सांगतात, पण ओळी अजून थोड्या वाकड्या दिसतात आणि अलीकडे धूसरपणा वाढला आहे. शस्त्रक्रिया फसली का?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : छिद्र बुजले असेल, तर शस्त्रक्रिया फसलेली नाही. कडा काही दिवसांत जुळतात, परंतु तेथील पेशींची घडी बसायला सहा महिने ते वर्षही लागते. तोवर वाकडेपणा कमी होत जातो, मात्र थोडासा कायम राहू शकतो. वाढता धूसरपणा मोतीबिंदूचा असण्याची शक्यता बरीच आहे. पन्नाशीनंतर या शस्त्रक्रियेमुळे तो बहुतेकांना एक-दोन वर्षांत वाढतो आणि काढल्यावर नजर पुष्कळ सुधारते. तरीही तपासून घ्या, कारण धूसरपणाची इतर कारणेही असू शकतात. चष्म्याचा नंबर डॉक्टरांना विचारूनच बदला. खोलीचा अंदाज चुकत असेल, तर जिने उतरताना कठडा धरा आणि लोकलमध्ये चढताना फलाट व डबा यांतील फटीकडे पाहूनच पाऊल टाका. आठवड्यातून एकदा डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने चौकटीच्या वहीचे पान पाहा. साधारण दहापैकी एका रुग्णाच्या दुसऱ्या डोळ्यातही पुढे असे छिद्र पडते. पानावरच्या रेषा तुटक किंवा वाकड्या दिसू लागल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवायला या.