तोंड मिटलं, की चमचा खाली

प्रश्न : सासूबाई 84 वर्षांच्या आहेत. पक्षाघातानंतर चार महिने अंथरुणावरच. पाणी पाजलं की ठसका लागतो, भरवायला गेलं की तोंड घट्ट मिटतात. माकडहाडावर लाल चट्टा उठलाय. यजमान म्हणतात, पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. काय करावं?

उत्तर : आधी ठसक्याचं बघा. पक्षाघातात गिळणं मंदावतं, पातळ पाणी मात्र झर्रकन उतरतं आणि श्वासनलिकेत शिरतं. त्यातूनच न्यूमोनिया होतो. आडवं ठेवून काहीही पाजू नका. उशा लावून ताठ बसवा, मान मागे जाऊ देऊ नका. गुठळी नसलेली दाटसर पेज अर्धा-अर्धा चमचा द्या. गिळल्याचं गळ्यावर दिसल्याशिवाय दुसरा घास नाही. नंतर अर्धा तास बसतंच ठेवा. पेजेनंही ठसका लागला तर थांबा आणि डॉक्टरांकडून गिळणं तपासून घ्या.

तोंड का मिटतात? छाले, जिभेवरचा पांढरा थर, टोचणारी कवळी, बद्धकोष्ठ : हे आधी पाहा, यावर उपाय आहेत. यातलं काहीच नसेल आणि शेवट जवळ आल्याचं डॉक्टर सांगत असतील, तर भूक मरणं स्वाभाविक आहे. यजमानांचा आग्रह मायेपोटीच आहे, पण त्याचा त्रास सासूबाईंना होतो. अशा वेळी ओल्या, मऊ फडक्यानं तोंड पुसावं, ओठांना व्हॅसलिन लावावं.

चट्टा बोटानं दाबा. दाबूनही पांढरा पडत नसेल तर ती शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. चोळू नका, आतली नाजूक कातडी आणखी दुखावते. रबरी रिंगही नको, तिच्या कडेनं रक्त अडतं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदला. पण पूर्ण कुशीवर नको, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंश कलवा. पोटऱ्यांखाली उशी ठेवा, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. वर सरकवताना ओढू नका, दोघांनी चादरीसकट उचला. कातडी सोलवटते ती बहुतेकदा ओढण्यानंच.

प्रश्न : सात वर्षांच्या नातीला आजीच्या खोलीत जाऊ देत नाही. बरोबर आहे ना?

उत्तर : नाही. दार बंद दिसलं की मुलं आत असतं त्याहून भयंकर काहीतरी मनात रचतात. सरळ सांगा : आजी खूप आजारी आहे, बहुधा बरी होणार नाही, हे तुझ्यामुळे झालेलं नाही, तुला होणारही नाही. आजी गेल्यावरही ‘आजी झोपली’ असं म्हणू नका, मुलं झोपायला घाबरू लागतात. ओठांना व्हॅसलिन लावायचं काम तिला देऊन पाहा. नको म्हणाली तर राहू द्या, उद्या पुन्हा विचारा.