झोप पुरत नसल्यामुळे विसरायला होतं, लक्ष लागत नाही. अ‍ॅक्युपंक्चरने फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की नाइट शिफ्ट आहे, दिवसा जेमतेम चार-पाच तास झोप होते, मेलला अटॅचमेंट जोडायची राहते, बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही, आणि मावशींनी सुया लावून घ्यायला सांगितलंय. आधी उत्तर देऊन टाकतो, मग बाकीचं. सुयांनी झोप लागायला थोडी मदत होऊ शकते, पण जी झोप घेतलीच नाही तिची भरपाई सुया करत नाहीत.

म्हणून पहिल्यांदा हे बघा की तुम्हाला झोप येत नाही का झोपायला मिळत नाही. दोन्ही एकच वाटतं पण तसं नाहीये. आडवं झाल्यावर दोन-दोन तास छताकडे बघत पडता, डोक्यात चक्र चालू, तो निद्रानाश, आणि अ‍ॅक्युपंक्चरवर जे काही संशोधन झालंय ते बहुतेक या लोकांवरच झालंय. पण पाठ टेकल्या टेकल्या झोप लागते आणि तीन तासांत भंगारवाला, शेजारचा कुकर, दारावर कुरियरवाला यातलं कोणीतरी उठवतं, किंवा पोरांना शाळेतून आणायला उठावंच लागतं, तर तुमची झोप बिघडलेली नाही, ती फक्त कमी पडतेय. तिथे सुई काय करणार? मी बरीच वर्षं अमेरिकेच्या वेळेवर कस्टमर सपोर्टमध्ये रात्रपाळी केलीय, आमच्या फ्लोअरवरचे निम्मेअधिक लोक या दुसऱ्या प्रकारातले होते आणि सगळे स्वतःला इन्सोम्निया आहे म्हणून सांगायचे.

कमी झोपेने डोक्याचं काय होतं याचा एक प्रयोग मला फार आवडतो. पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचा, 2003 मध्ये छापून आलेला. लोकांना लॅबमध्ये ठेवून 14 दिवस कुणाला चार तास, कुणाला सहा, कुणाला आठ तास झोपू दिलं आणि जागेपणी पुन्हा पुन्हा एक कंटाळवाणी टेस्ट घेतली, स्क्रीनवर आकडा दिसला की बटण दाबायचं, बस एवढंच. अर्धा सेकंद उलटून गेला तर ती चूक धरायची. सहा तास आणि त्याहून कमी झोपणाऱ्यांची अवस्था शेवटी शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली होती, आणि खरी गंमत पुढे आहे, त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की आपल्याला थोडीशीच झोप येतेय, बाकी ठीक आहे. म्हणजे कमी झोपेची सवय होते हे जे आपण म्हणतो ना, ती सवय फक्त वाटण्याची होते, डोक्याची नाही. त्यामुळे कोणताही उपाय केल्यावर 'मला आता फ्रेश वाटतं' यावर फार विसंबू नका, चुका कमी झाल्या का ते मोजा.

आता सुयांचं. मी स्वतः घेतलंय अ‍ॅक्युपंक्चर, एका ओळखीच्या बाईंकडे. भीती वाटत असेल तर सांगतो, इंजेक्शनची सुई पोकळ आणि जाड असते, ही भरीव असते, साधारण पाव मिलिमीटर जाडीची. छोट्या प्लॅस्टिकच्या नळीतून येते, नळी कातडीवर टेकवतात आणि वरून बोटाने टिचकी मारतात, टोचलेलं कळतं न कळतं तोवर नळी काढून घेतलेली असते. मग सुई जरा फिरवतात तेव्हा तिथे जडपणा येतो, मुंग्या म्हणा किंवा आतून कोणी दाबल्यासारखं म्हणा, याला चिनी लोक दची म्हणतात. झोपेसाठीच्या नेहमीच्या जागा म्हणजे मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला शेनमेन, टाळूवर बाइहुई आणि आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवर सानयिनजिआओ, ही शेवटची मला सगळ्यात जास्त झोंबायची. सुया लावल्या की लाइट बंद, पंखा हळू, वीस-पंचवीस मिनिटं हलायचं नाही. मी तिथे ढाराढूर झोपायचो, एकदा तर बाजूच्या बेडवरच्या काकांनी माझ्या घोरण्याची तक्रार केली.

पण अंधाऱ्या खोलीत, फोन पिशवीत, कोणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी रात्रपाळीवाल्याला अर्धा तास आडवं केलं तर तो सुयांशिवायही झोपेल! हीच अडचण संशोधन करणाऱ्यांनाही येते, म्हणून 1998 मध्ये एक खोटी सुई निघाली, टोक बोथट आणि टेकवली की दांडी मुठीत सरकते, नाटकातल्या सुरीसारखी, पेशंटला वाटतं टोचली. निद्रानाशावरच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या 33 चाचण्या एकत्र तपासून कॉक्रेनचा (उपचारांवरचं संशोधन एकत्र करून तपासणारी संस्था) जो रिव्ह्यू 2012 मध्ये आला, 2293 लोकांच्या चाचण्या होत्या त्या, त्याचा निष्कर्ष असा की बहुतेक चाचण्याच कच्च्या आहेत, त्यावरून हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं काम अमेरिकेत झालंय, कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या पण झोप न येणाऱ्या 160 लोकांवर. अर्ध्यांना अ‍ॅक्युपंक्चर दिलं आणि अर्ध्यांना सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलायची ठरलेली थेरपी. झोप दोघांचीही सुधारली, सीबीटी-आयवाल्यांची जास्त. मग त्यातले ज्यांना विसरायला होतं, लक्ष लागत नाही अशी तक्रार होती अशांच्या स्मरणशक्तीच्या टेस्ट वेगळ्या बघितल्या, तर सुयावाल्या गटात लक्ष, शिकणं, आठवण यात आधीपेक्षा सुधारणा दिसली, पण दोन गटांत म्हणावा असा फरक नव्हता, आणि काहीच उपचार न घेतलेला तिसरा गट नव्हताच, त्यामुळे तीच टेस्ट पुन्हा दिल्याने किती सुधारलं आणि सुयांनी किती ते वेगळं काढता येत नाही. शिवाय ते निद्रानाशवाले, शिफ्टवाले नव्हेत.

'मेंदूच्या पेशींवर परिणाम सिद्ध' वगैरे जे फॉरवर्ड येतात ते बहुतेक उंदरांवरचं असतं. पाण्यात छोटासा ओटा ठेवतात, उंदीर त्यावर बसतो, स्वप्नाच्या झोपेत अंग सैल पडलं की पाण्यात पडतो आणि जागा होतो, बिचारा. मग त्याला हौदात सोडून पाण्याखाली लपवलेला ओटा किती लवकर आठवतो ते बघतात. सुया लावलेले उंदीर लवकर पोचले असे निकाल आहेत. असू देत, पण त्यावरून हिंजवडीतल्या माणसाला पॅकेज विकायचं म्हणजे जरा जास्तच होतं.

मी या पद्धतीच्या विरोधात नाहीये हां. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून कलकत्त्याला आणली, आणि महाराष्ट्रात तर यासाठी 2015 चा वेगळा कायदाही आहे. त्यामुळे जायचंच असेल तर रजिस्ट्रेशन विचारा, लाजू नका. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, पेसमेकर असेल तर सुयांना करंट लावू देऊ नका, आणि छातीवर-पाठीवर खोल सुया कोणालाही सहज लावू देऊ नका, फुफ्फुसाला भोक पडल्याच्या केसेस झालेल्या आहेत, कमी आहेत पण आहेत. पाच-सहा बैठकांत काही फरक पडला नाही तर थांबा, पंधराचं पॅकेज आधी घेऊ नका.

मला सुयांपेक्षा जास्त फरक पडला तो खिडकीला जाड काळा पडदा लावल्याने, दारावर 'रात्रपाळी, बेल वाजवू नका' चिकटवल्याने, आणि शिफ्टच्या दुसऱ्या अर्ध्यात चहा बंद केल्याने. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात, पहाटे चारचा कटिंग सकाळी नऊला अंगात असतो. ब्रेकमध्ये वीस मिनिटं डोळे मिटता आले तर मिटा, मॅनेजर काय म्हणायचं ते म्हणू दे. आणि सकाळी बाइक चालवत घरी जाऊ नका, कॅब किंवा बस घ्या. सलग 17 तास जागं असलं की हात-डोकं रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखं चालतं असं 1997 च्या एका प्रयोगात दिसलंय, आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याची मर्यादा 0.03 आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. घोरता का? घरच्यांना विचारा की घोरता घोरता मध्येच श्वास थांबल्यासारखा होऊन दचकता का, कारण ते स्लीप अ‍ॅप्निया असू शकतं आणि मग आठ तास झोपूनही डोकं असंच बधिर राहणार. तसं असेल तर मावशींना थोडं थांबायला सांगा आणि आधी छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना स्लीप स्टडीबद्दल, म्हणजे झोपेत श्वास वगैरे मोजणाऱ्या तपासणीबद्दल विचारा, मशीन घरीही देतात, फक्त तुम्ही दिवसा झोपता हे त्यांना आधी सांगा. त्याच फेरीत बी-12, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही करून घ्या, शाकाहारी असाल तर बी-12 नक्कीच.