साहेबांना माटुंग्याला नेताना

चिरंजीवा,
अनेक आशीर्वाद.

साहेबांना त्यांच्या कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यांकडे आणि ते शिकले त्या माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे केमिकल टेक्नॉलॉजीच्या कॉलेजात, घेऊन जायचं काम तुझ्याकडे आलंय. तुझी यादी पाहिली. दोन दिवसांत अकरा घरं, कारखाना, व्याख्यान आणि वर सत्कार! एवढी धावपळ ऐंशीच्या घरातल्या माणसाला झेपायची नाही, आणि झेपली तरी एकाशीही धड बोलणं होणार नाही. दिवसाला तीन घरं, बस्स. प्रत्येक घरी पाऊण तास, मध्ये तासभर मोकळा. पुण्याहून डोंबिवली-अंबरनाथकडे येताना तो तास शिळफाट्याच्या कोंडीतच जातो.

जे हयात नाहीत त्यांच्या घरी आधी जा, मग अंथरुणाला खिळलेल्यांकडे, मग इतरांकडे. मॅनेजर पहिला आणि बॉयलर अटेंडंट शेवटी, अशी पदांची उतरंड लावलीस तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. फोन करताना मजला आणि लिफ्ट विचार. डोंबिवलीच्या जुन्या इमारतींत लिफ्ट नसते. शाल-श्रीफळ नेऊ नकोस. त्यानं भेटीचा समारंभ होतो आणि समोरचा माणूस अवघडून बसतो. त्याऐवजी कारखान्यातला जुना ग्रुप फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून ८ बाय १२ इंचात छाप, प्रत्येक घरी एक प्रत. नावं खालच्या पांढऱ्या पट्टीत छापून घे. मागून बॉलपेननं लिहिलं की रेघा चेहऱ्यांवर उमटतात. ज्यांची नावं सापडत नाहीत ती जागा कोरीच सोड. मागच्या रांगेतला तो फिटर कोण, यावरच अर्धा तास निघतो.

श्रवणयंत्राच्या सेलचं एक पाकीट खिशात असू दे. नारिंगी पट्टी म्हणजे १३ नंबर, तपकिरी म्हणजे ३१२. घरून निघताना कोणता लागतो ते बघून घे. पट्टी आधी काढून ठेवू नकोस. हवा लागली की सेल वापरला नाही तरी उतरायला लागतो.

आता खरी अडचणीची गोष्ट. निदान दोन घरी तरी चहाबरोबर फाइल बाहेर येईल. पेन्शन अडकलीय, नावात चूक आहे, मुलाला कंपनीत लावा. साहेब हळवे होतात आणि ‘बघतो मी’ म्हणून बसतात. ते निवृत्त आहेत, त्यांच्या हातात आता काही नाही, आणि ऐकणारा मात्र त्या दोन शब्दांवर वर्षभर थांबतो. म्हणून वही तुझ्याकडे ठेव आणि तूच लिहून घे: पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक, यूएएन (पीएफचा क्रमांक), मोबाइल, नेमकी तक्रार. पेन्शन मध्येच थांबली असेल तर पहिला प्रश्न हयातीच्या दाखल्याचा. ईपीएस-९५, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेत, तो दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, नोव्हेंबरचीच वाट पाहावी लागत नाही. जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल, मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. पण रक्कमच कमी असल्याचं दुखणं असेल तर खोटा धीर देऊ नकोस. २०१४ साली ठरलेली किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे, आणि ती साहेबांच्या ओळखीनं वाढत नसते.

कारखाना दुसऱ्यांच्या ताब्यात गेलाय, तेव्हा लेखी परवानगी आधी घे. साहेबांना सुती कपडे, आणि सेफ्टी शूज त्यांच्या मापाचे घरूनच ने. गेटवर मिळणारे सैल असतात आणि जिन्यावर पाय अडकतो. सॉल्व्हंटच्या, म्हणजे पेट घेणाऱ्या द्रावकांच्या, भागात मोबाइल न्यायला बंदी असते, फोटो गेटबाहेरच काढा. सकाळची शिफ्ट सात ते तीन असेल तर अडीचला पोहोचा, म्हणजे जाणारे आणि येणारे दोन्ही भेटतात. बॅच चालू असताना ऑपरेटरला पाया पडायला बोलावू नये. उष्णता सोडणारी रिअॅक्शन असेल तर पाच मिनिटं तापमानावरून नजर हटणंही महाग पडतं. आणि साहेब ‘हा पंप इथे का बसवला?’ म्हणाले, तर त्यांना हळूच चहाकडे ने.

माटुंग्याला तीन आठवडे आधी पत्र पाठव, माजी विद्यार्थी कार्यालयाला आणि विभागप्रमुखांना. परीक्षेचे दिवस टाळ. पत्रात आणि पाटीवर इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. यूडीसीटी हे नाव साहेबांच्या तोंडी राहू दे. १९३३ मध्ये सुरू झालेला हा मुंबई विद्यापीठाचा विभाग २००८ पासून स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे. त्यामुळे साहेबांना जुन्या पदवीची दुय्यम प्रत हवी असेल तर ती मुंबई विद्यापीठाकडेच मागावी लागेल.

भाषण वीस मिनिटांचं, प्रश्न चाळीस मिनिटांचे. ‘माझा प्रवास’ नको. मुलं तिसऱ्या वाक्याला मोबाइल काढतात. एकच विषय द्यायला सांग: ५ लिटरच्या फ्लास्कमध्ये जमलेली रिअॅक्शन ५,००० लिटरच्या रिअॅक्टरमध्ये का बिघडते. भांड्याचा आकार तोच ठेवला तर आकारमान हजारपट होतं, पण पृष्ठभाग शंभरपटच. म्हणजे जॅकेटमधून (रिअॅक्टरभोवतीच्या थंड पाण्याच्या आवरणातून) थंड करायला दर लिटरमागे दहावा हिस्साच जागा उरते. मग अॅडिशन, म्हणजे रसायन थोडं थोडं सोडणं, चार तासांवर न्यायचं की आत थंड पाण्याची कॉइल घालायची, आणि त्यानं बॅचचा खर्च किती चढतो? हे फळ्यावर मांडणारा कारखानदार मुलांना रोज भेटत नाही. खडू की मार्कर, ते आधी विचार.

देणगी व्यासपीठावरून जाहीर करू देऊ नकोस. टाळ्यांच्या भरात आकडा फुगतो आणि अटी ठरायच्या राहतात. वर्षाला ५०,००० ची शिष्यवृत्ती साडेसहा टक्के व्याजातून द्यायची तर मूळ रक्कम ७ लाख ७० हजारांच्या आसपास लागते. महागाई धरून रक्कम वाढती ठेवायची असेल तर याहून बरीच जास्त लागेल. नव्या करपद्धतीत देणगीची वजावट मिळत नाही, हे साहेबांच्या सीएशी आधीच बोलून घे.

जेवण माटुंग्यातच. रामा नायकांचं उडुपी स्टेशनलगत आहे खरं, पण ते पहिल्या मजल्यावर. साहेबांचे गुडघे विचारून मगच ठरव.

परतल्यावर दहा दिवसांत वहीतल्या प्रत्येकाला फोन कर. काम झालं नसेल तरी कर, आणि झालं नाही असंच सांग. साहेब कुणाला ‘पुन्हा येतो’ म्हणाले असतील तर ते घर वहीत वेगळं लिहून ठेव. पुढच्या खेपेला यादी तिथून सुरू होईल.

तुझा,
काका