नदीखोऱ्याचा पाणी आराखडा करायचा तर सुरुवात कुठून करावी, कोणतं मॉडेल वापरावं?

मॉडेल कोणतंही घ्या, एक्सेलवरही ताळेबंद निघतो. त्यात भरताय तो येवा, म्हणजे नदीतून येणारं पाणी, कोणत्या काळातला आहे ते आधी बघा.

मी नागपूरचा. पेंचच्या उपखोऱ्याच्या आराखड्यासाठी एका सल्लागार कंपनीत डेटा गोळा करायला होतो. ऑक्टोबर महिना, धान निसवायला आलेला, म्हणजे पाण्याची खरी गरज तेव्हाच, आणि मी मौद्याकडच्या एका मायनरच्या, म्हणजे कालव्याच्या लहान फाट्याच्या, शेवटच्या टोकाला उभा. चारीत छातीएवढी बेशरम वाढलेली, काठाच्या काँक्रीटवर गोवऱ्या वाळत घातलेल्या. बाजूच्या बांधावरचे काका म्हणाले, "साहेब, इथं पाणी पाहून तीन सालं झाले, बोअर आहे म्हणून धान उभा आहे." आमच्या तक्त्यात मात्र ते सगळं क्षेत्र कालव्याच्या ओलिताखाली! मी शेऱ्यात लिहिलं, फोटो लावले. सरांनी शेरा खोडला, म्हणाले डिझाइनमध्ये डिस्चार्ज, म्हणजे विसर्ग, दिलाय ना, मग पाणी जातं. मी वाद घातला तर पुढच्या महिन्यात मला दुसऱ्या कामावर टाकलं.

मुळात वर मध्य प्रदेशात छिंदवाड्यात पेंचवर चौराई धरण झाल्यावर खालच्या तोतलाडोह धरणाचा येवा घटला, २०१९ च्या जुलैत नागपुरात एक दिवसाआड नळ आले, तरी आराखड्यात जुनाच येवा धरायचा हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. मध्य प्रदेशावर खापर फोडण्यात अर्थ नाही, राज्यांत पाणी वाटून देणाऱ्या गोदावरी लवादाच्या १९८० च्या निवाड्याने त्यांचा वाटा आहेच, तो ते कधी ना कधी वापरणारच होते.

दुसरं, शहराचं सांडपाणी हिशेबात धरा. नागपूर पेंचचं पाणी पितं, ते नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेत, गोसीखुर्द धरणाला पोचतं. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. हे पाणी ताळेबंदात दाखवलं नाही तर खालच्या गावांचं गणित चुकलंच समजा.

हां, जुनी आकडेवारी फेकून देऊ नका, पावसाचा चढउतार कळायला लांब मालिका लागतेच, फक्त वरच्या धरणाचा वापर वजा करून घ्या. आणि वर धरण नसलेलं लहान खोरं असेल तर येव्याचं माझं म्हणणं तितकंसं लागू नाही.

पण कालव्याच्या टोकाला जाऊन या, तेही ऑक्टोबरात, आणि पाणी दिसलं तरच ते क्षेत्र ओलिताखाली लिहा. आमचे सर हे वाचत असतील तर त्यांनीही यावं, त्या मायनरच्या शेवटच्या गेटपर्यंत मी सोबत येतो.