फ्रेंच प्रेसमधली कॉफी कडू का होते आणि तळाशी चिखल का उरतो?

तुम्ही लिहिलंय की महिन्याभरापूर्वी फ्रेंच प्रेस, म्हणजे पूड पाण्यात भिजवून जाळीच्या दट्ट्याने कॉफी गाळायचं भांडं, आणली. फिल्टर कॉफीची पूड दोन चमचे टाकता, उकळतं पाणी ओतता, चार मिनिटं थांबता. तरी कॉफी कडू लागते, कपाच्या तळाशी चिखल उरतो आणि दट्ट्या खाली जाता जात नाही.

यातली शेवटची तक्रार सगळ्यात महत्त्वाची. दट्ट्या अडतो म्हणजे पूड फार बारीक आहे, आणि बाकीच्या दोन तक्रारीही तिथूनच आल्या आहेत. बारीक कणांतून कडवटपणा भराभर पाण्यात उतरतो. अगदी पिठासारखे कण जाळीतून निसटून कपात येतात आणि उरलेले जाळीला लिंपून बसतात. अशा वेळी दट्ट्या जोर लावून कधीही दाबू नका. मी एकदा दोन्ही तळव्यांनी दाबला होता. जाळीच्या कडेने कॉफी उसळून मनगटावर आली आणि फोड आठवडाभर राहिला.

फिल्टर कॉफीची पूड मुळात दुसऱ्या भांड्यासाठी दळलेली असते. दक्षिणेकडच्या पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये पाणी पुडीतून थेंबथेंब पाझरायला हवं असतं. पूड बारीक असली तरच ते रेंगाळतं आणि डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, दाट उतरतं. शिवाय तुमचं पाकीट उलटून पाहा, बहुतेक त्यावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असेल: ३० टक्के, कधी ४० च्याही वर. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ. त्यात कॅफिन नसतं. ते रंग, दाटपणा आणि कडसर चव देतं. दूध-साखरेच्या कॉफीत मला ती चव मनापासून आवडते. पण प्रेसमध्ये आपण बियांची स्वतःची चव शोधत असतो आणि चिकोरी तीच झाकून टाकते.

तेव्हा आधी कॉफी बदला. कर्नाटकातल्या चिकमगळूर किंवा कोडगूकडची नुसती अरेबिका जातीची कॉफी, मध्यम भाजलेली, शक्यतो अख्ख्या बिया. रोबस्टा या दुसऱ्या जातीत कॅफिन जवळपास दुप्पट असतं आणि चवही जास्त कडू, म्हणून सुरुवातीला ती नको. भाजल्याची तारीख छापलेली असेल तेच पाकीट घ्या. भाजून महिना उलटलेल्या बियांचा वास विरत जातो, आणि दळून ठेवलेल्या पुडीचा तर काही दिवसांतच.

दळण कसं हवं? लापशीच्या रव्यापेक्षा थोडं बारीक, उपम्याच्या रव्यापेक्षा जाड. चिमटीत चोळलं की कण सुटे सुटे जाणवले पाहिजेत. हातचक्की असेल तर उत्तमच. नसेल तर मिक्सर चालतो, मी पहिली दोन वर्षं त्याच्यावरच काढली. चटणीचं छोटं भांडं घ्या, सलग फिरवू नका, एक-दोन सेकंदांचे झटके द्या आणि मधे मधे भांडं हलवा. मिक्सरचं पातं बी तोडत जातं, त्यामुळे काही तुकडे मोठे राहतात आणि काहींचं पीठ होतं. ते पीठ मैद्याच्या चाळणीने चाळून काढा. माझ्या कपातला चिखल या एका चाळणीने निम्म्याहून कमी झाला. चाळलेलं पीठ दुधाच्या कॉफीत खपतं. बियांच्या दुकानातून दळूनच आणणार असाल तर ‘फ्रेंच प्रेससाठी’ असं सांगा.

प्रमाण ५०० मिली पाण्याला ३० ग्रॅम. चमच्याचा भरवसा धरू नका. जाड आणि बारीक पूड एका चमच्यात सारख्या वजनाची मावत नाही, आणि गडद भाजलेली बी हलकी असते. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो.

पाण्याच्या तापमानावर लोक फार वाद घालतात. ९२ ते ९६ अंश पुरे. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला त्याहूनही दोन-तीन अंश आधी. म्हणजे उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबलात की झालं. बोअरचं जड पाणी मात्र टाळा, त्यात कॉफीची फळासारखी आंबटगोड बाजू मरते आणि चव सपाट होते.

आता करण्याची रीत. ही मी लंडनच्या जेम्स हॉफमन यांच्याकडून शिकलो. ते बरिस्तांच्या, म्हणजे कॉफी बनवणाऱ्यांच्या, जागतिक स्पर्धेचे २००७ चे विजेते. प्रेस गरम पाण्याने विसळून घ्या, पूड टाका, सगळं पाणी एकदम ओता. बी ताजी असेल तर पूड फसफसून वर येते आणि जाड थर धरते. चार मिनिटं हात लावू नका. मग चमच्याने तो थर हलकेच मोडा, बरीचशी पूड तळाशी जाईल. वर राहिलेला फेस आणि तरंगते कण चमच्याने काढून टाका.

यानंतर सगळे दट्ट्या दाबतात. तुम्ही आणखी पाच मिनिटं थांबा. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून आपण साका बसू देतो आणि वरचं निवळ तेवढं ओतून घेतो, तसंच हे, फक्त तुरटीचं काम इथे वेळ करतो. जाड दळण असेल तर एवढ्या वेळात कॉफी कडू होत नाही. उतरायचं ते बहुतेक आधीच उतरलेलं असतं आणि पाणीही निवत आलेलं असतं. दट्ट्या तळापर्यंत नेऊच नका, नाहीतर बसलेला साका पुन्हा ढवळून निघतो. जाळी कॉफीला जेमतेम टेकवा आणि सावकाश ओता. शेवटचे दोन घोट भांड्यातच सोडा. मात्र बाकीची कॉफी तशीच ठेवू नका, कपात नाहीतर थर्मासमध्ये काढा.

जाळी दर वेळी सुटी करून साबणाने धुवा. तिच्यात अडकलेलं कॉफीचं तेल खवट झालं की पुढची कॉफीही खवट लागते. या तेलाबद्दल आणखी एक गोष्ट: त्यातल्या कॅफेस्टॉल नावाच्या घटकाने कोलेस्टेरॉल वाढतं. ते कागदी फिल्टरमध्ये अडतं, प्रेसच्या जाळीत अडत नाही. कोलेस्टेरॉल जास्त असेल तर रोजची कॉफी कागदातून गाळूनच घ्या.

घरी कुणाला दुधाचीच लागत असेल तर ३० ग्रॅमला पाणी ३०० मिली घ्या आणि दूध वेगळं गरम करून वरून घाला. दोन्ही एकत्र उकळू नका. माझी आई अशीच घेते. वर किंचित जायफळ किसते, तिच्या माहेरी घालायचे तेवढंच.