'नैतिक निर्णय' म्हणजे चांगला निर्णय का?

प्रश्न असा आहे: मेंदूविज्ञानावरच्या एका लेखात 'मेंदूच्या या भागाला इजा झालेल्या रुग्णांचे नैतिक निर्णय इतरांपेक्षा वेगळे असतात' असे वाक्य आले. 'नैतिक निर्णय' म्हणजे नीतीला धरून घेतलेला, चांगला निर्णय ना? मग वाक्याचा अर्थ कसा लावायचा? शिवाय त्या लेखातल्या 'न्यूरोएथिक्स'ला मराठीत काय म्हणावे?

वाक्यात 'चांगला' हा अर्थ अभिप्रेत नाही. पण तुम्ही अडखळलात ती जागा खरोखरच अडखळण्याची आहे.

'नीती'ला 'इक' प्रत्यय लागून 'नैतिक' झाले. या प्रत्ययाचा अर्थ 'त्या संबंधीचा' एवढाच, पण वापरात त्याला दुसरा अर्थ चिकटतो. 'धार्मिक ग्रंथ' म्हणजे धर्माविषयीचा ग्रंथ आणि 'धार्मिक माणूस' म्हणजे धर्माप्रमाणे वागणारा माणूस. 'नैतिक'चेही तेच. 'नैतिक प्रश्न', 'नैतिक पेच' यांत तो विषय सांगतो. 'नैतिक आचरण' म्हटले की गुण सांगतो. सर्वांत बोलका प्रयोग 'नैतिक अधःपतन'. तिथे 'चांगले' हा अर्थ घालून पाहा, शब्दप्रयोग लगेच कोसळतो. 'अनैतिक' मात्र दुसऱ्या, गुणवाचक अर्थाचाच विरुद्धार्थी शब्द आहे. नीतीशी ज्याचा संबंधच येत नाही, त्यासाठी 'नीतिनिरपेक्ष' हा नेमका शब्द आपल्याकडे आहे.

'निर्णय' हे नाम दोन्ही बाजूंना झुकते, म्हणून गोंधळ होतो. 'तिने नैतिक निर्णय घेतला' यात शाबासकी आहे, 'नैतिक निर्णय घेताना मेंदूत काय घडते' यात ती नाही. शास्त्रीय लेखनात 'नीतिविषयक' म्हटले की हा घोळ मिटतो. शब्द थोडा लांब आहे, पण वाचकाला मागे फिरून वाक्य पुन्हा वाचावे लागत नाही.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो 'निर्णय' हा शब्दच. मराठीत निर्णय 'घेतात' आणि निर्णय 'देतात'. नोकरी सोडायचा निर्णय मी घेतो. न्यायालय निर्णय देते. पहिल्यात मी काय करणार ते ठरते, दुसऱ्यात कोणाच्या तरी कृतीला बरे किंवा वाईट ठरवले जाते. दुसऱ्यासाठी आपल्याकडे 'निवाडा' हा सुरेख, रुळलेला शब्द आहे. नीतीविषयीच्या मेंदूसंशोधनात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याच लागतात, म्हणून भाषांतर करणाऱ्यानेही त्या वेगळ्या ठेवायला हव्यात.

लिएन यंग या मानसशास्त्रज्ञ स्त्रीचे काम पाहा. नीतिविषयक निवाड्यात हेतूला किती वजन मिळते, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा. 2007 मध्ये रेबेका सॅक्स आणि इतर सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक छोटी गोष्ट होती. ग्रेस मैत्रिणीबरोबर रसायनांचा कारखाना पाहायला गेली आहे. मैत्रीण कॉफीत साखर मागते. जवळच्या डब्यात पांढरी पूड आहे. डब्यावर 'विषारी' असे लिहिले आहे, ग्रेसला ती पूड विषारीच वाटते, तरी ती कॉफीत घालते. प्रत्यक्षात ती साखरच निघते आणि मैत्रिणीला काहीही होत नाही. दुसऱ्या आवृत्तीत उलटे: ग्रेस साखर समजून घालते, ते विष असते, मैत्रीण दगावते. ऐकणाऱ्याने ग्रेसच्या कृतीचा निवाडा करायचा. अशा वेळी उजव्या कानाच्या थोडे वर आणि मागे असलेला मेंदूचा एक भाग विशेष सक्रिय दिसतो. दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा विचार करताना तो कामाला लागतो. पुढे 2010 मध्ये यंग यांच्या गटाने चुंबकीय स्पंदनांनी याच भागाचे काम तात्पुरते विस्कळीत केले. तेव्हा लोकांनी फसलेल्या विषप्रयोगाकडे थोडे सौम्यपणे पाहिले. हेतू वाईट होता, पण घडले काहीच नाही, आणि निवाड्यात हेतूचे वजन कमी झाले. माणूस तोच, गोष्ट तीच, तरी असे व्हावे हे मला अजूनही थक्क करते.

इथे कोणीही स्वतः काही करायचे ठरवलेले नाही. म्हणून 'निवाडा' हाच शब्द योग्य.

तुम्ही दिलेले वाक्य मात्र बहुधा वेगळ्या प्रयोगाविषयी आहे. 2007 मध्येच 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या, यंगही ज्यात सहभागी होत्या अशा, अभ्यासात कपाळामागच्या मेंदूच्या खालच्या, मधल्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झालेले 6 रुग्ण होते. त्यांच्यापुढे ठेवलेल्या पेचांपैकी एक असा: शत्रूचे सैनिक गावकऱ्यांना ठार मारत आहेत, तुम्ही इतरांसह लपला आहात, आणि तुमचे तान्हे बाळ रडू लागले. त्याचे तोंड दाबून धरले तर ते गुदमरून मरेल, पण बाकीचे वाचतील. तुम्ही तसे कराल का? अशा जिवावर येणाऱ्या पेचांत या रुग्णांनी इतरांपेक्षा जास्त वेळा 'हो' म्हटले. भावनेला इतका हात न घालणाऱ्या प्रश्नांत त्यांची उत्तरे चारचौघांसारखीच होती. त्यांची नीती बिघडली होती, असे यातून निघत नाही. एक जीव घेऊन बाकीचे वाचवावेत हे गणित त्यांना जमत होते. त्या गणिताला आतून होणारा विरोध क्षीण झाला होता.

प्रश्न 'तुम्ही कराल का' असा होता, म्हणून इथे 'निर्णय' चालेल. याउलट मानसशास्त्रज्ञ जोशुआ ग्रीन यांच्या 2001 च्या गाजलेल्या प्रयोगात तशाच पेचांवर 'असे करणे योग्य आहे का' असे विचारले होते. तो निवाडा झाला. एकच पेच देऊन हे दोन्ही प्रश्न विचारले तर उत्तरे दरवेळी जुळत नाहीत, हे सेबास्तियाँ तासी यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवले. 'हे चूकच आहे, पण मी करीन' असे म्हणणारी माणसे असतात आणि 'हे योग्य आहे, पण माझ्या हातून होणार नाही' असे म्हणणारीही. दोघांना एकाच 'नैतिक निर्णया'त कोंबले तर संशोधनाचा निम्मा मुद्दा भाषांतरातच हरवतो.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: 'मेंदूच्या या भागाला इजा झालेले रुग्ण काही नीतिविषयक पेचांत इतरांपेक्षा वेगळा निर्णय घेतात.' 'काही' हा शब्द मुद्दाम घातला आहे.

आता 'न्यूरोएथिक्स'. हा शब्द 2002 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या परिषदेनंतर रुळला. त्याच वर्षी तत्त्वज्ञ अदिना रॉस्कीस यांनी त्यात दोन अभ्यास आहेत हे दाखवले. एक, मेंदूवर संशोधन आणि उपचार करताना काय करावे, काय करू नये. दुसरा, माणूस नीतीचा विचार करतो तेव्हा मेंदूत काय चालते. मराठीत पहिल्याला 'मेंदूविज्ञानाचे नीतिशास्त्र' आणि दुसऱ्याला 'नीतीचे मेंदूविज्ञान' म्हणता येते. षष्ठीची जागा बदलली की काम होते. दोन्ही मिळून एकच नाव हवे असेल तर 'मेंदूनीतिशास्त्र' चालावे, पण पहिल्या उल्लेखात शेजारी 'न्यूरोएथिक्स' लिहावे. 'चेतानीतिशास्त्र' असा पर्यायही करता येईल. मला तो कमी पटतो, कारण मज्जातंतूसाठीचा 'चेता' हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा कानावर पडत नाही.